गोल्फ कार्ट घ्यायची आहे: नवी, वापरलेली की रिफर्बिश्ड?

इलेक्ट्रिक गोल्फ कार्टमध्ये सगळ्यात आधी संपणारी आणि सगळ्यात महाग वस्तू एकच, ती म्हणजे बॅटरीचा संच. त्यामुळे नवी, जुनी की रिफर्बिश्ड (जुनीच दुरुस्त करून पुन्हा विकलेली) हा हिशेब गाडीच्या वयापासून सुरू करू नका. बॅटऱ्या किती जुन्या आहेत, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) कशी आहे आणि दुरुस्ती करणारा माणूस तुमच्या जागेपासून किती लांब आहे, या तीन गोष्टी आधी बघा. दहा वर्षांची गाडी नव्या बॅटऱ्यांवर आणखी काही वर्षं निमूट चालते. तीन वर्षांची चकचकीत गाडी मेलेल्या बॅटऱ्यांसह घेतली, तर पहिल्या सहा महिन्यांतच मोठा खर्च उभा राहतो.

आपल्याकडे या गाड्या गोल्फच्या मैदानापेक्षा बाहेरच जास्त राबतात. लोणावळा-महाबळेश्वरची रिसॉर्ट, अलिबागची फार्महाऊस, मोठ्या टाउनशिप, हॉस्पिटलं, कॉलेजांची आवारं अशा ठिकाणी चढ जास्त, माणसं जास्त आणि पावसाचे चार महिने. मूळ गाडी मात्र दोन माणसं आणि गोल्फच्या काठ्यांच्या दोन पिशव्या घेऊन हिरवळीवर फिरायला बनवलेली असते. निवड करताना हा फरक डोक्यात ठेवा.

आधी आपला रस्ता मोजा

रोज एकूण किती किलोमीटर, एका फेरीत किती माणसं आणि सगळ्यात खडा चढ किती लांब, हे तीन आकडे कागदावर लिहा. ४८ व्होल्टच्या गाडीत बहुतेक वेळा ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. १७० अँपिअर-अवरचा संच म्हणजे सुमारे ८.२ युनिट वीज. ती सगळी वापरायची नसते. रोज निम्म्यापेक्षा जास्त उपसली तर प्लेटा लवकर खराब होतात, म्हणजे हाताशी चारच युनिट धरा. सपाट डांबरी रस्त्यावर दोन माणसांची गाडी किलोमीटरला साधारण १०० ते १५० वॅट-तास खाते, म्हणजे २५ ते ४० किलोमीटर. मुरुमाचा रस्ता, सहा माणसं आणि चढ आले की हा आकडा निम्म्यावर येतो. विक्रेता 'एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर' म्हणाला, तर किती वजनावर आणि कोणत्या रस्त्यावर ते विचारा.

लिथियमचं गणित वेगळं आहे. ५१.२ व्होल्ट, १०५ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५.४ युनिटांची असते, पण तिच्यातली ८० टक्के वीज बिनधास्त काढता येते. म्हणजे आकड्याने लहान दिसणारी लिथियम बॅटरी कामाला मोठ्या लेड-ॲसिड संचाएवढीच पुरते. वजनातही मोठा फरक पडतो: ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या मिळून १७० किलोच्या आसपास जातात, लिथियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते.

चढ असेल तर मोटर कोणती आहे ते विचाराच. बऱ्याच जुन्या गाड्यांत डीसी सिरीज मोटर असते. ती चढाला जोर लावते, पण उतारावर गाडी स्वतःहून आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. बहुतेक साध्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, केबलवर चालणारे ड्रमचे असतात. लांब उतारावर ते तापतात आणि पकड सोडतात. एसी मोटरची गाडी उतारावर मोटरनेच वेग धरते आणि थोडी वीज बॅटरीत परत टाकते. डोंगरावरच्या रिसॉर्टसाठी जुनी सिरीज मोटरची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वापरलेली गाडी: बघायला जाताना

मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी), टॉर्च, रबरी हातमोजे, चष्मा आणि जॅक बरोबर न्या. विक्रेत्याला आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा, आणि चार्जर काढल्यावर निदान सहा तास ती हलवू नका म्हणा. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा व्होल्टेज फसवा असतो. वर-वरचा चार्ज उतरल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही.

सीट उचला. आधी नजरेने बघा: बॅटऱ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच तारखेच्या आहेत का? ट्रोजन या कंपनीच्या बॅटरीवर ऋण टर्मिनलवर एक अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो. अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी), आकडा वर्षाचा शेवटचा. सहातली एक बॅटरी नवी आणि पाच जुन्या दिसल्या तर तो संच संपत आलाय असं समजा. जुन्या पाच त्या नवीलाही खाली ओढतात, आणि काही महिन्यांत सगळ्याच बदलाव्या लागतात.

मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. पूर्ण चार्ज, विसावलेली ८ व्होल्टची बॅटरी ८.४ ते ८.५ दाखवते, आणि सहांची बेरीज ५०.९ च्या आसपास येते. एखादी बाकीच्यांपेक्षा ०.२ ते ०.३ व्होल्टने खाली असेल तर तिच्यावर खडूने खूण करा. पाणी घालायच्या बॅटऱ्या असतील तर हायड्रोमीटरने चोवीसच्या चोवीस सेल (बॅटरीतले कप्पे, एकेकीत चार) तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण खरा सौदा इथेच ठरतो. पूर्ण चार्जला आकडा १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान हवा. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो सेल आजारी आहे. प्लेटा पाण्याबाहेर उघड्या दिसल्या तर पुढची मोजमापं करायची गरजच नाही, संचाची किंमत शून्य धरा.

आता भाराखालची परीक्षा. गाडीत पूर्ण माणसं बसवा आणि उपलब्ध असलेल्या सगळ्यात खड्या चढावर न्या. विसाव्यात सगळ्या बॅटऱ्या सारख्या दिसतात, भाराखाली कमजोर बॅटरी उघडी पडते. चढावर गाडी ओढत असताना ८ व्होल्टची बॅटरी ७ च्या खाली जात असेल तर ती गेलीच. मीटर लावून चालत्या गाडीत कुणी वाकू नका. एका बॅटरीला लांब वायरने मीटर जोडून तो हातात धरा, आणि फेरी संपली की पुढच्या बॅटरीला लावा. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनंतर किल्ली काढून टर्मिनलांजवळ हात न्या, एखादा जोड इतरांपेक्षा गरम लागेल. सैल नट किंवा गंजलेला लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) असाच तापतो, आणि वेळेवर घट्ट केला नाही तर टर्मिनल वितळतं.

दिवे आणि हॉर्न कुठून जोडलेत तेही बघा. बारा व्होल्टचं काम करायला ४८ वरून उतरवणारा कन्व्हर्टर हवा. बऱ्याच ठिकाणी मेकॅनिक दोन बॅटऱ्यांवरूनच वायर घेतो, आणि मग त्या दोन कायम उपाशी राहतात.

चासीसाठी गाडीखाली शिरावंच लागतं. कार्ट बनवणाऱ्या कंपन्यांपैकी क्लब कारच्या गाड्यांची चासी ॲल्युमिनियमची, ई-झेड-गो आणि यामाहाची पोलादी. कोकणात, गोव्यात, समुद्रापासून जवळ असाल तर हा फरक पैशांत मोजता येतो. पोलादी चासीत बॅटरीच्या ट्रेखाली आणि मागच्या एक्सलच्या वर टॉर्च मारा. सांडलेलं ॲसिड तिथे आधी रंग सोडवतं आणि मग पत्रा खातं. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, टोक आत गेलं तर ती गाडी सोडून द्या. दोन सीटची गाडी कापून, लांबवून सहा सीटची केली असेल तर वेल्डिंगचे जोड नीट बघा. अशी लांबवलेली गाडी मूळ ब्रेक आणि मूळ स्प्रिंगवर चालवणं धोक्याचं आहे.

पुढची चाकं जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा किंग-पिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बुशिंग झिजलेलं आहे. दुरुस्ती महाग नाही, पण भाव पाडायला उपयोगी. टायर आतल्या कडेनेच झिजला असेल तर अलाइनमेंट गेलेली असते. मागच्या एक्सलच्या सीलभोवती तेलाची ओल दिसली तर तेच तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. उतारावर पार्किंग ब्रेक लावून पूर्ण माणसांसह गाडी थांबते का, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलूच नका.

बनावटीचं वर्ष विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. क्लब कारच्या सिरियल नंबरात सुरुवातीच्या दोन अक्षरांनंतरचे दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन आठवडा सांगतात: १४३२ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा.

रिफर्बिश्ड म्हणजे नेमकं काय केलं?

या शब्दाला ठरलेली व्याख्या नाही. एकाच्या दुकानात तो रंग, नवी सीट आणि पॉलिश एवढ्यावर संपतो. दुसरा गाडी पूर्ण उघडून एक्सलपासून बांधतो. दोघांची किंमत मात्र सारखीच सांगितली जाते. म्हणून कोणते भाग बदलले आणि कोणते फक्त तपासले, याची यादी तारखेसह लेखी मागा. बॅटऱ्यांचं बिल, नंबरासहित, वेगळं मागा.

चांगल्या कामात कमीत कमी एवढं असतं: पूर्ण नवा बॅटरी संच, ४८ व्होल्टच्या सगळ्या जाड केबल नव्या, सोलेनॉइड (बॅटरीची वीज मोटरकडे जोडणारा मोठा स्विच) बदललेला, ब्रेक शू आणि केबल नव्या, पुढची बुशिंग, चारही टायर, डिफरन्शियलचं तेल, डीसी मोटर असेल तर कार्बन ब्रश तपासून बदललेले, आणि त्या बॅटरीला जुळणारा चार्जर. सोलेनॉइड आणि केबल या स्वस्त गोष्टी जुन्याच ठेवल्या असतील तर बाकीचं कामही वरवरचं असणार. गाडी सुरू करताना 'टक' असा आवाज येतो, पण गाडी हलत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा याच सोलेनॉइडच्या जळालेल्या कॉन्टॅक्टमुळे येते.

लिथियम टाकून रिफर्बिश केलेली गाडी असेल तर दोन प्रश्न विचाराच. पहिला: बॅटरीतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, किती अँपिअर देतं? कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग) चढावर क्षणभर ३०० ते ४०० अँपिअर मागू शकतो. बीएमएस शंभराचाच असेल तर भरली गाडी चढाच्या मध्यावर बंद पडते. दुसरा: पूर्ण चार्ज बॅटरीवर गाडी लांब उतारावर गेली तर काय होतं? मोटर परत टाकत असलेली वीज घ्यायला बॅटरीत जागा नसते, बीएमएस पुरवठा तोडतो आणि मोटरचा आवर अचानक सुटतो. चार्जिंगची जागा टेकडीच्या माथ्यावर असेल तर हे रोज सकाळी घडू शकतं. यावर उपाय म्हणजे चार्जिंग पूर्ण १०० टक्क्यांऐवजी ८०-९० वर थांबवणं, किंवा चार्जिंग पॉइंट पायथ्याशी नेणं. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावू नये, दोघांची चार्जिंगची रीत वेगळी आहे.

नवी कधी घ्यावी

गाडी रोज आठ-दहा तास पाहुण्यांना घेऊन फिरणार असेल, बंद पडली तर पर्याय नसेल, आणि आवारात बॅटरी समजणारा इलेक्ट्रिशियन नसेल, तर नवीच घ्या. लिथियम, एसी मोटर आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेलं मॉडेल बघा. पण नवी म्हणून डोळे मिटून घेऊ नका. बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते, ती वर्षांत आहे की किलोमीटरांत ते वाचा. 'वॉरंटी' म्हणजे मेकॅनिक तुमच्याकडे येणार की गाडी टेम्पोत घालून तुम्ही त्याच्याकडे नेणार, हेही कागदावर हवं. कंट्रोलर, चार्जर आणि ब्रेकचे भाग भारतात साठ्यात आहेत का, ते विचारा. परदेशातून मागवायचा कंट्रोलर बिघडला तर ऐन मे महिन्याच्या सीझनमध्ये गाडी झाडाखाली उभी राहते.

किमतीचा साधा नियम असा ठेवा. वापरलेल्या गाडीच्या भावात पूर्ण नवा बॅटरी संच, चार टायर, ब्रेकचं काम आणि वाहतूक मिळवा. बेरीज तेवढ्याच सीटच्या नव्या गाडीच्या ६० टक्क्यांच्या आत राहिली, चासी निरोगी असली आणि जवळ मेकॅनिक असला, तर वापरलेली घ्या. ६० ते ७५ च्या मध्ये आली तर लेखी यादी देणारी रिफर्बिश्ड गाडी चांगली. त्यावर गेली तर नवी. सोसायटीत ज्येष्ठांना गेटपासून इमारतीपर्यंत सोडायला, दिवसाला पाच-सात किलोमीटर, सपाट रस्ता असेल, तर वापरलेली गाडी आणि नव्या लेड-ॲसिड बॅटऱ्या ही जोडी अजूनही सगळ्यात किफायतशीर आहे. मात्र पाणी बघायची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवा. उन्हाळ्यात दर आठवड्याला झाकणं उघडायची. प्लेटा उघड्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि पूर्ण पातळी चार्जिंग झाल्यावर करायची. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड बाहेर येतं आणि चासी खातं. पावसाळ्यात गाडी बंद ठेवली तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. धुताना सीटखाली प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

कागद आणि ताबा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम २(२८) नुसार फक्त कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास प्रकारचं वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही. म्हणून आवारातल्या कार्टला नंबरप्लेट नसते. गेटबाहेर, दोन इमारतींच्या मधल्या सार्वजनिक रस्त्यावर तीच गाडी नेली की ही सवलत संपते. तुमच्या मार्गात असा रस्ता येत असेल तर आधी आरटीओत विचारा. नोंदणी नसली तरी अपघाताची जबाबदारी टळत नाही, त्यामुळे आवाराच्या दायित्व विम्यात गाडीचा उल्लेख करून घ्या.

बिलावर गाडीचा सिरियल नंबर, मोटर आणि कंट्रोलरचे नंबर आणि प्रत्येक बॅटरीचा नंबर हवा. ताबा घेताना तुमच्याच चढावर, तुमच्याच माणसांसह चालवून बघा, आणि उरलेली रक्कम त्यानंतरच द्या. टेम्पोतून गाडी उतरवून ढकलायची किंवा ओढायची असेल तर सीटखालचा टो/रन स्विच आधी 'टो'वर करा. तसं न करता ओढलेल्या गाडीची मोटर स्वतःच वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो.