गोळ्यांनी खरंच फरक पडतोय का? वही घ्या आणि बघा

आईच्या गुडघ्याला गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय मावशी, फरक हाय का? आई म्हणाली, हाय की! आणि घरासमोर रिक्षातनं उतरताना "आई गंऽऽ". आता खरं काय धरायचं?

तर औषध सुरू व्हायच्या आधीच वही काढा, नंतर आठवून लिहिलेलं उपयोगाचं नाही. पेशंटलाच विचारा, दुखण्यामुळं कुठली तीन कामं अडलीत. तुम्ही ठरवू नका हां, मी आपलं "रंकाळ्याला एक चक्कर" लिहीत होतो तर आईनं लिहायला लावलं: कपिलतीर्थ मंडईतनं भाजी आणणं, अंबाबाईच्या देवळात खाली बसून उठणं आणि माडीचा जिना. प्रत्येक कामाला ० ते १० मार्क, ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं. फिजिओथेरपीत ही रीत १९९५ पासून आहे, मी काय शोध लावलेला नाही.

हे मार्क गोळी सुरू व्हायच्या आधी आठवडाभरात दोन-तीनदा घ्या, म्हणजे नुसतं वर-खाली किती होतं ते कळतं. कारण दुखणं टिपेला गेल्यावरच आपण दवाखाना गाठतो, तिथनं थोडं आपोआप उतरतंच आणि क्रेडिट गोळीला जातं.

मग किती फरक म्हणजे फरक? १९८९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी हेच मांडलं, पेशंटला स्वतःला जाणवेल असा कमीत कमी फरक किती ते आधी ठरवा. जुनाट दुखण्यात, दुखणं किती ते ० ते १० वर मोजलं तर, साधारण २ मार्क किंवा ३० टक्के उतार धरतात. पेपरात "औषध गुणकारी सिद्ध" आलं तरी हे विचारायचंच, कारण हजारो पेशंट घेतले की अर्ध्या मार्काचा फरकही गणितात पास होतो, जिना चढताना मात्र तो कुठं दिसत नाही. आणि सरासरी १ मार्क सुधारली म्हणजे प्रत्येकाला १ मिळाला असं नसतं भावा, काहींना ४ मिळतात, काहींना भोपळा. शंभरात किती जणांना २ च्या वर मिळाले आणि औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीवर किती जणांना, ते बघा.

आईचं दोन महिन्यांनी असं झालं: भाजी ४ वरनं ७, जिना ३ वरनं ४, खाली बसणं २ चं २ च. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, वही घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी ती बघितली आणि "बरं वाटतंय का" न विचारता पहिल्यांदा बसण्याचंच विचारलं.