पहिल्याच नोव्हेंबरात मुलांना सांताच्या मिरवणुकीला न्या

टोरांटोत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक), हेल्थ कार्ड, भाड्याचं घर, शाळेचा प्रवेश यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मला सांगायचंय ते या यादीत कधी येत नाही. नोव्हेंबरातल्या एका रविवारी इथे सांताक्लॉज परेड निघते. तिला मुलांना घेऊन जा, आणि पहिल्याच वर्षी जा. 'आधी नोकरीचं मार्गी लागू दे, मग पुढच्या वर्षी बघू' असं करू नका. नोकरी आपल्याला शोधायची असते, पण मुलांना त्याच आठवड्यात वर्गात बसायचं असतं, आणि परेडनंतरच्या सोमवारी वर्गात दुसरा विषय नसतो.

हे मी स्वतः चुकल्यावर सांगतेय. आमच्या पहिल्या वर्षी लेक सहा वर्षांची होती. ऊन पडलेलं होतं, म्हणून तिला साधे कापडी बूट, सुती मोजे आणि पातळ हातमोजे घालून नेलं. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर उभे राहिलो. बँड आले, फ्लोट म्हणजे सजवलेले चित्ररथ आले, ती टाळ्या वाजवत होती. पाऊण तासाने पायाची बोटं दुखतात म्हणून रडायला लागली. बरंच काही बघून झालंय असं म्हणून आम्ही तिला उचललं आणि सबवेत, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, उतरलो. सांता सगळ्यात शेवटी येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सोमवारी शाळेतून आल्यावर ती म्हणाली, "आई, सांता आला होता. सगळ्यांनी बघितला." रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. ते वाक्य मला अजून टोचतं.

म्हणून पहिली गोष्ट कपड्यांची. नोव्हेंबरच्या शेवटी दुपारचं तापमान शून्य ते पाच अंशांच्या आसपास असतं. चालत्या माणसाला ते फारसं वाटत नाही, पण परेडमध्ये आपण चालत नाही, फुटपाथवर एका जागी उभे असतो. थंडी जमिनीतून पायांत चढते. युनिव्हर्सिटी अव्हेन्यू रुंद आहे, दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत, त्यामुळे वाराही मोकळा सुटतो. मुलांना अंगालगत थर्मल, वर फ्लीस, त्यावर जॅकेट, खाली स्नोपँट आणि बर्फातले बूट घाला. बर्फ पडलेला नसला तरी घाला. 'बर्फ नाही, मग स्नोपँट कशाला' हा विचार आपण सगळेच करतो आणि सगळेच चुकतो. मोजे लोकरीचे हवेत, कारण सुती मोजा घामाने ओला झाला की पाय गार पडतो. लहान मुलांना बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मिटन बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. मिटनचा एक जादा जोड खिशात ठेवा. डोक्याला लोकरीची टोपी, जिला इथे टूक म्हणतात, आणि ती कानांवर ओढलेली. बसायला जुनी रजई किंवा फोमचा तुकडा न्या. फुटपाथच्या कडेवर थेट बसवलं की वीस मिनिटांत मूल गारठतं.

यात एक सुरक्षेची गोष्ट आहे, ती विसरू नका. सबवे स्टेशनपर्यंत गाडीने जाणार असाल तर जाड जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नका. जॅकेटच्या फुगवट्यामुळे पट्टा घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धक्का बसला की तो फुगवटा दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा बांधा, मग जॅकेट वरून पांघरा.

परेडच्या रस्त्याजवळ मात्र गाडी नेऊच नका. रस्ते बंद असतात आणि पार्किंगच्या शोधात मुलांचा हुरूप संपतो. टीटीसीत, म्हणजे शहराच्या बस-सबवे सेवेत, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. गेली काही वर्षं परेड क्रिस्टी स्ट्रीटपासून ब्लोर स्ट्रीटवरून पूर्वेला येते, क्वीन्स पार्कच्या बाजूने युनिव्हर्सिटी अव्हेन्यूला लागते आणि सेंट लॉरेन्स मार्केटजवळ संपते. निघते दुपारी साडेबाराच्या सुमारास. तारीख आणि रस्ता दरवर्षी जाहीर होतो, तो आदल्या आठवड्यात बघून घ्या. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर परेड उशिरा पोहोचते, त्यामुळे लहान मुलांबरोबर तिथे उभं राहायचं तर फार लवकर जाऊन ताटकळू नका. स्ट्रोलर असेल तर सेंट जॉर्ज, क्वीन्स पार्क, सेंट पॅट्रिक आणि ऑसगूड या स्टेशनांवर लिफ्ट आहे. एकदा परेड सुरू झाली की रस्ता ओलांडता येत नाही. क्वीन्स पार्क स्टेशनचे दरवाजे चौकाच्या चारही कोपऱ्यांवर उघडतात, तेव्हा खालून पलीकडे जाता येतं. लघवीची सोय घरातून निघताना आणि सबवेत उतरण्याआधी करून घ्या. स्नोपँट घातलेल्या मुलाला घेऊन कॉफीच्या दुकानाबाहेरच्या रांगेत उभं राहणं फार कठीण जातं.

गर्दीची रीतही थोडी वेगळी आहे. आपल्याला मिरवणुकीत घुसून नाचायची सवय असते. इथे बघणारे कडेला आणि चालणारे रस्त्यात. मुलं पुढे बसतात, मोठे मागे उभे राहतात. तुमच्या मुलासाठी अनोळखी लोक सरकून जागा करतील, ती संकोच न करता घ्या. मग तुमच्यापुढे कुणाचं मूल आलं तर तुम्हीही सरका.

काही आजीआजोबा विचारतात, हा आपला सण आहे का? ही परेड चर्चने सुरू केलेली नाही. ईटन्स नावाच्या मोठ्या दुकानाने 2 डिसेंबर 1905 रोजी सांताला युनियन स्टेशनवर आगगाडीतून उतरवलं आणि आपल्या दुकानापर्यंत नेलं. ती धंद्याची जाहिरात होती. शहराला ती इतकी आवडली की 1982 मध्ये ईटन्सने हात काढून घेतल्यावर इथल्या काही उद्योजकांनी पुढे होऊन ती चालू ठेवली. करोनामुळे 2020 आणि 2021 साली ती फक्त टीव्हीवर झाली, 2022 मध्ये परत रस्त्यावर आली. आज कडेला उभे असलेले लोक बघा, जगातल्या कुठल्या भागातला माणूस तिथे नाही? आजीआजोबांनाही न्या, फक्त त्यांनाही तेवढेच गरम कपडे घाला.

'सांता खरा आहे का' हा प्रश्न मुलं तिथेच, भर गर्दीत विचारतील. आमच्या घरी उत्तर होतं, "तुला काय वाटतं?" तुम्ही तुमचं उत्तर ठरवा, पण मुलाला एवढं सांगून ठेवा की वर्गातली इतर मुलं मनापासून मानतात, त्यांना खोटं पाडायचं नाही.

आणि पत्र विसरू नका. कॅनडा पोस्ट सांताला लिहिलेली पत्रं पोहोचवते, उत्तरही येतं, तिकीट लागत नाही. पत्त्यावर सांताक्लॉज, नॉर्थ पोल, कॅनडा आणि पिनकोड एच शून्य एच, शून्य एच शून्य. परेडमध्ये पोस्टाची माणसं कडेने चालत मुलांच्या हातून पत्रं गोळा करतात. मुलाला ते स्वतःच्या हाताने देऊ द्या. फक्त आपला परतीचा पत्ता अपार्टमेंट नंबरसकट स्वच्छ लिहा, नाहीतर उत्तर यायचं नाही. डाउनटाउनला जाणं जमलंच नाही तर ब्रॅम्प्टनसारख्या उपनगरांत स्वतःच्या परेड असतात. ब्रॅम्प्टनची संध्याकाळी, दिव्यांच्या रोषणाईत निघते.

दुसऱ्या वर्षी आम्ही शेवटपर्यंत थांबलो. थर्मासमधलं दूध संपलं, उलटे विदूषक गेले, म्हणजे पाय आभाळात आणि हातांवर चालल्यासारखे दिसणारे, ज्यांना बघून लेक पोट धरून हसली. मी तोवर फोनवर चित्रण करत होते. तिने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "आई, तू इथे बघ ना." फोन खिशात गेला. मग घोषणा झाली, गर्दी पुढे झुकली आणि सांता आला. ती ओरडली नाही. दोन्ही मिटन वर करून नुसती उभी राहिली.

तोवर आमच्या पत्रपेटीत बँकेची, विजेची आणि सरकारी कार्यालयांची पाकिटं यायची, सगळी नवऱ्याच्या किंवा माझ्या नावाची. डिसेंबरात एक पाकीट आलं. त्यावर लेकीचं पूर्ण नाव होतं, खाली आमचा अपार्टमेंट नंबर. तिने ते उघडायच्या आधी पत्ता दोनदा मोठ्याने वाचला.