पेन्शनची तयारी सेवापुस्तकापासून: राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी

पेन्शन प्रकरण अडकते ते बहुतेक वेळा सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकात, कधीतरी राहून गेलेल्या नोंदीपायी. नियमाने तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी आणि प्रकरण सहा महिने आधी महालेखापालांकडे, मुंबईला किंवा नागपूरला, पोहोचायला हवे. आमचे म्हणणे असे, की तीन वर्षे हाताशी ठेवा. जुन्या कार्यालयातून एक दाखला मागवायलाही महिने जातात, आणि तिथला माहीतगार लिपिक तोवर स्वतःच निवृत्त झालेला असतो.

आधी तारीख पक्की करा. वयाची 58 वर्षे (गट-ड असेल तर 60) ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याचा शेवटचा दिवस हा निवृत्तीचा दिवस. जन्म 1 तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्ती येते. 30 जूनला निवृत्त होणार असाल तर 1 जुलैच्या काल्पनिक वेतनवाढीबद्दल (एका दिवसाने हुकणारी वेतनवाढ केवळ पेन्शन मोजताना धरणे) आस्थापना शाखेत लेखी विचारा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या बाजूने सोडवला आहे.

आता मूळ सेवापुस्तक मागून घ्या आणि एकेक पान वाचा. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, खाडाखोड असेल तर तिच्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही. नाव आधार, पॅन आणि बँक पासबुकाशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत आणि तशी नोंद, दोन्ही लागतात.

मग सेवा पडताळणीचे शेरे पाहा. प्रत्येक वर्षाची सेवा वेतन देयकांवरून पडताळल्याची सही हवी. बदलीच्या वर्षात हमखास खड्डा पडतो: जुन्या कार्यालयाने कार्यमुक्त होईपर्यंतचा शेरा लिहिलेला नसतो आणि नव्याने रुजू तारखेपासूनच सुरुवात केलेली असते. मधले काही महिने कोणाच्याच खात्यात नसतात. संप, असाधारण रजा, निलंबन यांचा कालावधी कसा नियमित केला, त्याचा आदेश क्रमांकासह तिथेच नोंदलेला असावा.

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते वेतननिश्चितीत. पाचव्या, सहाव्या, सातव्या वेतन आयोगाचे विकल्प आणि वेतननिश्चितीची विवरणपत्रे चिकटवलेली आहेत का, आश्वासित प्रगती योजनेचे (पदोन्नती न मिळताही ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लाभ आदेशाप्रमाणे दिले आहेत का, हे तपासा. वेतन पडताळणी पथकाची मोहोर उमटेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही. पथक नेमके काय शोधते? मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण किंवा सूट, संगणक अर्हता, स्थायित्व प्रमाणपत्र, आरक्षित पदावर नियुक्ती असेल तर जात वैधता. परीक्षा उत्तीर्ण असूनही नोंद नसेल, तर वेतनवाढी रोखायला हव्या होत्या असा आक्षेप निघतो आणि वसुली दाखवली जाते. त्यामुळे निकालाची प्रत शोधून नोंद आजच करून घ्या. वसुली निघालीच, तर 2014 चा रफिक मसीह निकाल लक्षात ठेवा: गट-क व गट-ड कर्मचाऱ्यांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, चुकून जादा दिलेल्या वेतनाची वसुली करता येत नाही. जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र तुम्ही दिले असेल, तर मात्र हा बचाव कमकुवत होतो.

नामनिर्देशनेही उघडून बघा. लग्नाआधी आई किंवा भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर निकामी ठरते. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि गट विमा यांची नामनिर्देशने वेगवेगळी असतात, तिन्ही नव्याने द्या. दिव्यांग अपत्य असेल तर कुटुंबाच्या तपशिलात त्याचे नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तुमच्या हयातीत जाणे फार महत्त्वाचे आहे. मागाहून त्या मुलाला कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे, घ्यायचे का, हा विचार घरात बसून आकड्यांनिशी करा. पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो. समजा मूळ पेन्शन 40,000 रुपये आहे. विकलेला भाग 16,000. पुढील वाढदिवशी वय 59 असेल तर गुणक 8.371, म्हणजे 16,000 × 12 × 8.371 = 16,07,232 रुपये हातात. त्या बदल्यात 15 वर्षे दरमहा 16,000 कमी मिळतील, एकूण 28,80,000. गृहकर्ज फेडायचे असेल तर घ्यावे, केवळ बँकेत ठेवायला घेण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही. दोन गोष्टी मात्र बाजूने आहेत: महागाई वाढ पूर्ण पेन्शनवरच मिळते आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून कपात होत नाही. अर्ज निवृत्तीपासून वर्षाच्या आत केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही.

उपदानाची कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2024 पासून 20 लाख रुपये आहे. शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण 300 दिवसांपर्यंत मिळते. रजेचा लेखा शेवटच्या दिवसापर्यंत भरलेला आहे ना, तेवढे पाहा. शासकीय निवासस्थान असेल तर ना-देय प्रमाणपत्रासाठी आधीच अर्ज करा, कारण थकीत भाडे आणि वीजबिल उपदानातून कापले जाते.

1 नोव्हेंबर 2005 किंवा नंतर लागलेल्यांचा मार्ग वेगळा. त्यांनी आधी आपल्याला कोणती योजना लागू आहे याचा आदेश हातात घ्यावा, आणि प्रान खात्यात (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील वैयक्तिक खाते) शासनाचा हिस्सा दरमहा जमा झाला आहे का हे विवरणपत्रावरून महिनावार ताडून पाहावे.

मंजुरीचे आदेश आले की कोषागारात (मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयात) ओळख तपासणीला स्वतः जावे लागते. मूळ आदेश, आधार, पॅन, पासबुक आणि छायाचित्रे सोबत न्या. त्यानंतर दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्या. जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढले तर तो घरबसल्या जातो.