गावासाठी एका दिवसाची बोलकी आकाशवाणी: बातम्यांपासून नभोनाट्यापर्यंत

१ जून ते ३१ जुलै आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, खलाशी घरी, बाहेर पाऊस. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात याच दिवसांत एक दिवस ठरवून आम्ही वाचनालयातून वायर ओढतो, वाड्यावाड्यांत भोंगे बसवतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गावाची स्वतःची आकाशवाणी चालवतो. गाणी लावत नाही. बातम्या, दर्याचा अंदाज, गप्पा, पाककृती, कथा आणि रात्री नभोनाट्य, म्हणजे सगळं बोलणंच. मी पूर्वी रत्नागिरी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून ड्युट्या करत असे. तिथे हाताला लागलेलं काम इथे सांगते आहे, म्हणजे तुमच्या गावातही हे करता येईल.

आधी परवानगीचं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा एफएम ट्रान्समीटर घेऊ नका, परवान्याशिवाय हवेत प्रसारण करणं गुन्हा आहे. कम्युनिटी रेडिओचा परवाना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळतो. अशा केंद्रांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. आपल्याला वायर आणि भोंगा पुरे. त्यासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी काढा आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवा. ज्या घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे, तिथे आधी जाऊन विचारा आणि भोंग्याचं तोंड दुसरीकडे वळवा. जोडण्या पावसात उघड्या राहू देऊ नका, हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

मग वेळापत्रक. सलग पंधरा तास बोलायचं नाही. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये वाटलेला असतो, सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. त्यामागे मोठं शहाणपण आहे. आम्ही कागदावर कार्यक्रमांची नावं लिहिण्याआधी एकच गोष्ट लिहून काढतो: या वेळी ऐकणाऱ्याचे हात कशात आहेत? सकाळी सहाला चूल, चहा, गोठा. अकराला स्वयंपाकघरात हात ओले. दुपारी दोनला माणूस आडवा झालेला, डोळे मिटलेले. रात्री आठनंतर जेवणं आटोपून हात मोकळे. हात गुंतलेले असतील तेव्हा छोटं, सुटं आणि पुन्हा पुन्हा सांगितलेलं ऐकू जातं. हात मोकळे असतील तेव्हाच माणूस वीस मिनिटांच्या नाटकात बसतो. दुपारी लोकांना वेळ असतो म्हणून बरेच जण नाटक तिथे टाकतात. वेळ असतो खरा, पण जाग नसते.

यातून क्यू शीट बनतं. वहीच्या पानावर रकाने पाडा: वेळ, कार्यक्रम, कोण बोलणार, किती मिनिटं किती सेकंद, आणि शेवटचे चार शब्द. हा शेवटचा रकाना सोडू नका. पुढचा निवेदक त्या चार शब्दांची वाट बघत बसलेला असतो. ते माहीत नसले की मध्ये शांतता पडते आणि लोकांना वाटतं लाइट गेली. प्रत्येक सभेसाठी दोन-तीन मिनिटांचे दोन ‘फिलर’ लिहून तयार ठेवा, म्हणी, कोडी, गावातल्या जागांच्या नावांची माहिती, काहीही. पाहुणा पावसात अडकतो तेव्हा तेच उपयोगी पडतात.

सुरुवातीला एक धून हवी. आकाशवाणीची धून वापरू नका, ती त्यांची आहे. वॉल्टर कॉफमन हे चेकोस्लोव्हाकियातून मुंबईत आलेले संगीतकार, त्यांनी ती १९३०च्या दशकात शिवरंजनीच्या सुरांवर बांधली. आम्ही देवळातल्या शंखाचा एक लांब आवाज घेतला आहे. प्रत्येक सभेआधी तोच, तेवढाच. दुसऱ्या सभेपासूनच लोक त्या आवाजाला कान देतात.

आता बातम्या. सकाळी सातनंतर आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागतात. सुधा नरवणे यांच्या आवाजात त्या ऐकत माझी पिढी मोठी झाली. त्या वेळी आपण गप्प राहायचं. राज्याच्या आणि देशाच्या बातम्या आपल्या नाहीत. आपलं बातमीपत्र पावणेसातला, पाच मिनिटांचं, फक्त गावाचं: गुहागर आगाराची कुठली एसटी रद्द, दाभोळ-धोपावे फेरीबोट चालू की बंद, उपकेंद्रात लसीकरण कधी, रेशन कधी, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी किती. निधनाची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय कधीही वाचू नका, आणि वाचाल तेव्हा ती सगळ्यात शेवटी घेऊन दोन क्षण थांबा.

बातमी कानासाठी लिहायची म्हणजे काय, ते एका नोटिशीवरून दाखवते. वीज कंपनीची नोटीस अशी असते: ‘देखभाल दुरुस्तीच्या कामास्तव मंगळवार रोजी सकाळी ९.३० ते सायंकाळी ५.०० या वेळेत खालील वाड्यांचा वीजपुरवठा खंडित करण्यात येणार असल्याचे कळविण्यात येत आहे.’ हे वाचलंत तर ऐकणाऱ्याला ‘कळविण्यात येत आहे’ एवढंच उरतं. आम्ही असं वाचतो: ‘वरची वाडी, बौद्धवाडी आणि बंदर. उद्या मंगळवारी दिवसभर वीज नाही. सकाळी साडेनऊला जाईल, संध्याकाळी पाचला येईल. पाणी आजच भरून ठेवा.’ जागेचं नाव पहिलं, कारण आपल्या वाडीचं नाव ऐकलं की माणूस कान टवकारतो. एका वाक्यात एकच गोष्ट. साडे, सव्वा, पावणे, दीडशे, अडीच हजार हे आपले आकडे बोलायला सोपे आणि कानाला स्पष्ट आहेत, तेच वापरा. बातम्यांच्या गतीने मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बसतात, म्हणजे पाच मिनिटांना सहाशेच्या आत. ठळक बातम्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी. वाचण्याआधी मजकूर एकदा मोठ्याने म्हणून बघा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडायचं असतं.

दर्याचा अंदाज मात्र वेगळ्या पद्धतीने. बातमी सोपी करून लिहा, इशारा कधीही बदलू नका. हवामान विभागाचा वाऱ्यापावसाचा इशारा आणि लाटांच्या उंचीचा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा अंदाज, दोन्ही शब्दशः वाचायचे. कोणी दिला आणि किती वाजता दिला हे आधी सांगायचं, आणि लगेच पुन्हा एकदा तसाच वाचायचा. ‘ऑरेंज अलर्ट’चं ‘जरा जोरात पाऊस’ करायचं नाही. मी याबाबतीत हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. दापोली-मंडणगडकडे झाडं आणि खांब आडवे झाले, कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. अशा वेळी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर आणि इशारा नीट ऐकायची सवय, ही दोनच साधनं हातात राहतात. म्हणून आमच्या दिवसात हा अंदाज तीनही सभांमध्ये असतो, बंदीचा काळ असला तरी.

भरतीची वेळही सांगा. जुन्या लोकांचा हिशोब तिथीला पाऊणने गुणण्याचा. एकादशी म्हणजे अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणून सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पुढची साधारण साडेबारा तासांनी. हा हिशोब एखाद्या आजोबांच्या तोंडून वदवून घ्या आणि मग छापील तक्त्यातली वेळ वाचा. पोरांना दोन्ही कळतं.

अकराच्या कार्यक्रमात आम्ही आगोटीवर, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीवर बोलतो: सुकट, सोडे, आमसुलं, फणसाची साठं, कुळथाची पिठी, काय कसं टिकवायचं. पाककृती सांगताना आधी सगळं साहित्य वाटी-चमच्याच्या मापात, मग थांबा, मग पुन्हा एकदा. ऐकणारीचे हात कोळंबीत असतात, ती लिहून घेऊ शकत नाही.

मुलाखतीला पाहुण्याच्या हातात त्याचं काम द्या. आमच्या एका तांडेलकाकांना, म्हणजे नौकेच्या म्होरक्यांना, खुर्चीवर बसवून विचारलं की ते ‘हो’ आणि ‘बरं चाललंय’ यापलीकडे जात नाहीत. त्यांच्या पुढ्यात फाटलेलं जाळं टाकलं आणि ‘काका, हे भोक सांधायला सुरुवात कुठून करता?’ असं विचारलं की बोलणं आपोआप वाहतं, आणि सुताचा, सुईचा आवाजही मिळतो. ‘कसं वाटतं?’ विचारू नका. ‘कसं करता?’, ‘मग काय झालं?’, ‘तेव्हा नौकेवर कोण होतं?’ असं विचारा. त्यांच्या बोलीला प्रमाण मराठीचा हात लावू नका.

दुपारी कथावाचन, एकच आवाज, खालच्या पट्टीत. चारला मुलं, पंधरा मिनिटं पुरतात. लावणीचे दिवस असतील तर संध्याकाळी भातावरच्या रोगांबद्दल सहायक कृषी अधिकाऱ्यांशी थोडं बोलणं.

नभोनाट्याला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. ते आदल्या आठवड्यात ध्वनिमुद्रित करा. लांबी वीस मिनिटं, पात्रं चारपेक्षा जास्त नकोत. पात्रं निवडताना डोळे मिटून आवाज निवडा. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतले टेकाडे भावजी, पंत आणि मीनावहिनी लोकांना एका शब्दात ओळखू यायचे, कारण तिघांची पट्टी, गती आणि बोलण्याची ढब एकमेकांपासून लांब होती. दोन तरुण पुरुषांचे सारखे आवाज एका प्रवेशात आले की ऐकणारा हरवतो. पात्र आलं की पहिल्या दोन वाक्यांत कोणीतरी त्याला नावाने किंवा नात्याने हाक मारली पाहिजे: ‘आत्ये, तू भिजलीस!’ या तीन शब्दांत कोण, नातं काय आणि बाहेर काय चाललंय, सगळं कळतं.

आमच्याकडचे चांगले नट नमनाच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या, खेळात तयार झालेले असतात. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला शिकलेला असतो. त्यांना उभं करू नका. जमिनीवर मांडी घालून बसवा, समोर ऐकणारं एकच माणूस बसवा आणि माइक तोंडापुढे नाही, किंचित बाजूला, वीतभर अंतरावर ठेवा. मनातलं बोलणं असेल तर आणखी जवळ. बाहेरून येणारं पात्र चार पावलं लांबून बोलत चालत यावं. हे चालणं खरंच करायचं, नुसता आवाज मोठा करून ते साधत नाही. संहिता एका बाजूला लिहिलेली, सुटी पानं, टाचणी नको. पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. मोबाइलवर मुद्रण करत असाल तर विमान मोड लावा. माजघरात भिंतींना गोधड्या टांगल्या की घुमारा जातो.

आता पाऊस. जुलैत कौलांवरचा पाऊस तुम्ही थांबवू शकत नाही, तेव्हा नाटकच पावसात घडणारं लिहा. पत्र्यावर, कौलांवर, इरल्यावर आणि माडाच्या झापांवर पाऊस वेगवेगळा वाजतो. चारही मुद्रित करून ठेवा. पात्र घरातून पडवीत, पडवीतून होडीवरच्या शाकाराखाली गेलं हे नुसत्या पावसाने सांगता येतं, एकही शब्द न बोलता. लाटेसाठी सुपात तांदूळ घेऊन हळू तिरपं करा. वल्ह्यासाठी पाण्याची बादली आणि फळकुट. आवाज एकदा दोन सेकंद पूर्ण येऊ द्या, मग तो संवादाखाली खाली घ्या. सगळा प्रवेशभर तसाच वाजत ठेवला की शब्द बुडतात.

नाटक सव्वाआठला लावा. मग दर्याचा अंदाज शेवटचा, उद्याची पहिली एसटी, आणि पावणेदहाला वेळ सांगून सभा संपवा. दहाच्या आत पंधरा मिनिटं हातात असू द्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर, दुकानात, बंदरावर जा आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कुठल्या वाडीची वीज जाणार होती?’, ‘नाटकात दार कोणी उघडलं?’ असं विचारा. ज्याचं उत्तर कोणालाच देता आलं नाही, तो मजकूर वहीतून काढून पुन्हा लिहायला घ्या.