बेट्टाने खाणं सोडलंय? या चुका टाळा

एरवी काचेजवळ गेलं की पर फडफडवत वर येणारा बेट्टा मासा एक दिवस कोपऱ्यात बसून राहतो. दाणा टाकला तर जवळ येतो, बघतो आणि पाठ फिरवतो. आपला जीव वरखाली होतो. दाणा आवडला नसेल म्हणून आणखी दोन टाकतो, मग दुसऱ्या डब्यातले. पहिली चूक इथेच होते.

न खाल्लेले दाणे तळाशी फुगतात, कुजतात आणि पाण्यात अमोनिया वाढवतात. म्हणजे आधीच मलूल असलेल्या माशाचं पाणी आपणच आणखी बिघडवतो. मोठा, धडधाकट बेट्टा आठवडाभर न खाताही तग धरू शकतो, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या उपासाने घाबरू नका. एकच दाणा टाका, पाच-दहा मिनिटं वाट बघा आणि तसाच राहिला तर ड्रॉपरने किंवा छोट्या जाळीने काढून घ्या.

आता डबा बाजूला ठेवा आणि थर्मामीटर बघा. मासा शीतरक्ताचा, त्याचं पचन पाण्याच्या तापमानावर चालतं. बेट्टाला साधारण 25 ते 27 अंश सेल्सियस मानवतं. पाणी 22च्या आसपास गेलं की तो सुस्तावतो, तळाशी पडून राहतो आणि त्याला भूकच लागत नाही. हात घालून ‘कोमट वाटतंय’ असं ठरवू नका, हाताला ते कळत नाही. छोट्या भांड्यातलं पाणी दिवसा तापतं आणि रात्री झपाट्याने निवतं, म्हणून पहाटे आणि संध्याकाळी असं दोनदा मोजा. दोन आकड्यांत तीन-चार अंशांचा फरक दिसला तर थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर घ्या. थंडीने भूक गेली असेल, तर तापमान हळूहळू वर आलं की मासा बहुतेक वेळा आपणहून खायला लागतो.

तापमान ठीक असेल तर पाणी तपासा. पाणी नितळ दिसतं म्हणून ते चांगलं असेलच असं नाही, कारण अमोनियाला रंग नसतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारीच, नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. टाकी नवीन असेल तर हे आकडे चढलेले असण्याची शक्यता मोठी, कारण अमोनियाचा बंदोबस्त करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात.

आणि इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. माझा निळा बेट्टा दोन दिवस खात नव्हता. मी सगळं पाणी ओतून दिलं, टाकी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला आणि ताजं पाणी भरलं. टाकी लखलखीत झाली आणि मासा आणखीच कोमेजला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले जिवाणू मेले होते, शिवाय माशाला एकदम वेगळ्या तापमानाचं पाणी मिळालं. तेव्हापासून एका वेळी पंचवीस ते तीस टक्केच पाणी बदलतो, तेही अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घालून आणि टाकीच्या तापमानाला आणून. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच.

मासा दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो का, हे नीट बघा. बेट्टाचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, पृष्ठभागावरचे किडे आणि अळ्या टिपायला. मोठा किंवा कडक दाणा तो घेतो, चावायचा प्रयत्न करतो, फुर्रकन बाहेर टाकतो आणि पुन्हा घेतो. ही भूक गेल्याची खूण नाही. दाणा टाकीच्या पाण्यात थोडा वेळ भिजवा किंवा अर्धा करा. डबा उघडून बरेच महिने झाले असतील, वास कुबट येत असेल, तर तो टाकूनच द्या. ब्लडवर्मची (माशांना खायला देतात त्या लाल अळ्यांची) चटक लागलेला मासाही दाण्यांकडे बघत नाही. तिथे आपल्यालाच थोडं कठोर व्हावं लागतं.

पोट फुगलेलं दिसतंय आणि विष्ठा दिसत नाही? मग बहुधा बद्धकोष्ठता. एक-दोन दिवस पूर्ण उपास, त्यानंतर थोडं डाफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव. उकडलेला वाटाणा भरवण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण बेट्टा किडे खाणारा मासा आहे, वाटाणा त्याचं अन्न नाही. मात्र फुगलेल्या पोटाबरोबर खवलेही उभे राहिले असतील, वरून पाहिल्यावर मासा पाइनच्या शंकूसारखा दिसत असेल, तर तो ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचा गंभीर प्रकार, असू शकतो. तिथे दिवस घालवू नका, माशांच्या आजारांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठा.

नुकताच आणलेला बेट्टा काही दिवस खात नाही, हे नेहमीचंच. दिवा मंद ठेवा, लपायला रोपं द्या, सारखं काचेवर टकटक करू नका. फिल्टरच्या जोरदार प्रवाहाशी झगडून आणि काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जाऊनही तो थकतो. बुडबुड्यांचं घरटं राखणारा नर कमी खातो, म्हातारा मासाही कमी खातो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लक्षण न बघता औषध ओतणं. भूक न लागणं हा आजार नाही, त्यावर औषध नसतं. टॉर्च लावून माशाच्या अंगावर बघा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर इक, सोनेरी भुकटीसारखी झाक असेल तर व्हेल्वेट, हे दोन्ही परजीवींमुळे होणारे आजार. दोन्हींचे उपचार आहेत. काहीच दिसत नसेल तर पाणी आणि तापमान सांभाळणं हाच उपचार. काही औषधं फिल्टरमधले जिवाणूही मारतात, आणि आपण पुन्हा अमोनियापाशी येतो.

मासा परत खायला लागला की आनंदाच्या भरात चार दिवसांची भरपाई एकदम करू नका. पहिल्या दिवशी एक-दोन भिजवलेले दाणे, दुसऱ्या दिवशी दोन-तीन. नंतर रोज दोन वेळा, दर वेळी दोन-तीन छोटे दाणे, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही.