ऑनलाइन फँटसी गेममधल्या या चुका टाळा: दिसत नाही, गरगरतं, बोटं दुखतात त्यांच्यासाठी

‘मला ते लाल गोल दिसतच नाहीत’, ‘पाच मिनिटांत गरगरायला लागतं’, ‘माझी बोटं आता एवढी पळत नाहीत’. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट किंवा फायनल फँटसी फोर्टीनसारखा ऑनलाइन एकत्र खेळायचा गेम सोडला, की कारण बहुधा यांतलंच निघतं. सोडणारा दोष देतो स्वतःच्या डोळ्यांना, वयाला, हातांना. मला हे पटत नाही. ड्रॅगन मारणं अवघड असावं. तो कुठे उभा आहे हे कळणं अवघड असू नये. ही दुसरी अडचण डिझाइनची असते. तिच्यावरचा उपाय बरेचदा सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पानात पुरलेला असतो, आणि सापडला तरी उलटासुलटा वापरला जातो.

फिल्टर लावला की झालं, असं समजणं

लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे लोक वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण ८ टक्के आहे. भारतात ते कमी आहे, तरी मोठ्या रेडमध्ये, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून करायच्या लढाईत, असा एखादा असू शकतोच. सुदामानगरचा माझा आतेभाऊ त्यातला. बॉस, म्हणजे लढाईतला मुख्य शत्रू, हिरव्या गवतावर धोक्याचं लाल वर्तुळ टाकतो आणि हा निवांत त्याच्या मधोमध उभा. इकडे सगळे ओरडतायत, ‘अरे भिया, हट तिथून!’

सेटिंगमध्ये रंग बदलणाऱ्या फिल्टरची तीन अवघड नावं दिसतात: प्रोटानोपिया, ड्यूटेरानोपिया, ट्रायटेनोपिया. पहिली दोन लाल-हिरव्याची, तिसरं निळ्या-पिवळ्याचं. लोक यादीतलं पहिलं नाव निवडतात, फिल्टरचा जोर ठरवणारी पट्टी शेवटापर्यंत ओढतात आणि मेनू बंद करतात. असं करू नका. एखाद्या सोप्या डंजनमध्ये, म्हणजे छोट्या गटाच्या लढाईत, जा, खरं वर्तुळ जमिनीवर पडू द्या, आणि ते समोर दिसत असताना पट्टी थोडी थोडी सरकवा. मेनूमधल्या नमुन्याच्या चित्रावरून काहीच ठरत नाही.

फिल्टर अख्ख्या पडद्याचे रंग फिरवतो, त्यामुळे वर्तुळ सुधारलं की नकाशा किंवा औषधाच्या बाटल्या बिघडतात. म्हणून फक्त धोक्याच्या खुणांचा रंग बदलता येत असेल तर आधी तो बदला. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये शत्रूच्या आणि आपल्या बाजूच्या वर्तुळांचा रंग वेगवेगळा ठरवता येतो, उजेडही वाढवता येतो. आतेभावाने शत्रूचा रंग झगझगीत निळा केला आणि फिल्टरला हातच लावला नाही.

तरीही रंग विचित्र दिसत असतील तर विंडोजचा स्वतःचा कलर फिल्टर चालू आहे का ते बघा. त्याचा शॉर्टकट चालू ठेवलेला असेल तर विंडोज, कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबली की तो लागतो. लढाईच्या धांदलीत हे नकळत होतं आणि मग दोन फिल्टर एकावर एक चढतात.

गेम बनवणाऱ्यांना मात्र एवढंच सांगेन: धोका नुसत्या रंगाने सांगूच नका. कडेला जाड रेघ द्या, आकार वेगळा ठेवा, आवाज द्या. हे केलं तर फिल्टरची गरजच निम्मी होते.

सगळ्यांच्या जादूची आतषबाजी चालू ठेवणं

रेडमध्ये प्रत्येक जण काही ना काही फेकत असतो आणि त्या झगमगाटात बॉसचा इशारा शोधणं म्हणजे रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या गर्दीत कुणाची तरी हाक ओळखण्यासारखं आहे. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये स्वतःचे, आपल्या गटाचे आणि इतरांचे इफेक्ट वेगवेगळे कमी करता येतात. इतरांचे पूर्ण बंद करा, गटाचे मर्यादित ठेवा. कुणाचंही काही बिघडत नाही, उलट जुना लॅपटॉपही हलका चालतो.

ज्यांना लखलखाटाने फिट येण्याचा धोका आहे त्यांनी तर हे पहिल्याच दिवशी करावं. वेबसाइटसाठीच्या सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीच्या, नियमांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको असं म्हटलेलं आहे, गेममधले इफेक्ट सहज त्यापुढे जातात. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. आधी फिट आलेली असेल तर नुसत्या सेटिंगवर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा.

गरगरत असताना ‘सवय होईल’ म्हणून रेटणं

डोळे सांगतात आपण धावतोय, कानातलं संतुलन सांगतं आपण खुर्चीवर बसलोय. या भांडणातून मळमळ येते, आणि रेटून खेळलं तर बहुतेकांची ती वाढतेच. मोशन ब्लर (हालचालीत चित्र पुसट होणं), कॅमेरा शेक (पडदा हादरणं) आणि चालताना डोकं हलण्याचा परिणाम, हे तिन्ही बंद करा. कॅमेरा पात्राच्या मागे लांब न्या. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं, ते बदलण्याची सोय असेल तर ते थोडं रुंद करा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पात्र पडद्याच्या मध्यभागी ठेवण्याचा आणि कॅमेऱ्याची हालचाल कमी करण्याचा पर्याय आहे. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, सतत खालीवर होत असेल तर वरची मर्यादा बांधून टाका. स्थिर ४० हे उड्या मारणाऱ्या ७० पेक्षा बरे.

अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशन उतरवणं

याने अक्षर मोठं होतं, पण फुटतं, आणि डोळे जास्तच ताणतात. रिझोल्यूशन पडद्याचं मूळचं ठेवा, यूआय स्केल (पडद्यावरची बटणं-अक्षरं यांचा आकार) वाढवा, चॅटचा फॉन्ट बहुधा वेगळा बदलावा लागतो.

काकूंची बोटं

रामबागेतल्या आमच्या काकू हीलर, म्हणजे साथीदारांना बरं करणारं पात्र, खेळतात, आणि उत्तम खेळतात. सांधे दुखायला लागले तेव्हा त्यांनी गेम सोडायचंच ठरवलं होतं. बघितलं तर एकेका जादूसाठी वरच्या ओळीतल्या एक ते शून्य आकड्यांवर हात ताणत होत्या, कारण गेमने सुरुवातीला तसं दिलं होतं. ‘काकू, बटणं बदलता येतात,’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘अरे, मला वाटलं ते नियमात बसत नसेल.’

बसतं. सगळ्यात जास्त लागणाऱ्या चार-पाच गोष्टी अंगठ्याजवळ आणि पहिल्या दोन बोटांखाली आणा. ‘दाबून धरा’ असं असेल तिथे ‘एकदा दाबा’ हा पर्याय शोधा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एकच बटण ठोकत राहायचीही गरज नसते: पुढची जादू आधीच्या शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत दाबली तरी रांगेत लागते. याच गेममध्ये २०२५ पासून एकाच बटणावर पुढची योग्य चाल करण्याची सोय आली. ती वापरली की दोन चालींमधला वेळ किंचित वाढतो, पण ज्याचा एकच हात चालतो त्याच्यासाठी हा सौदा वाईट नाही. ‘असं खेळण्यात काय मजा?’ म्हणणारे भेटतील. त्यांनी ते बटण वापरू नये, एवढंच.

एक चूक मात्र महागात पडते. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये एका दाबासरशी वेळ सांभाळून पाच चाली करणारा मॅक्रो (आपोआप चालणारी आज्ञांची साखळी) बसवणं बहुतेक गेममध्ये नियमाबाहेर आहे आणि खातं बंद होऊ शकतं. एक दाब, एक चाल हा हिशेब पाळा. दुखणं जास्त असेल तर हार्डवेअर बदला. २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला मोठी बटणं आणि पायाने दाबायचे स्विच जोडता येतात. जेल रोडच्या दुकानांत तो मिळेलच असं धरून चालू नका, आधी फोन करा.

पिंगचं खापर ग्राफिक्सवर फोडणं

पात्र अडखळतंय का, की जादू दाबल्यावर उशिराने लागतेय? पहिलं असेल तर ग्राफिक्स उतरवा. दुसरं असेल तर दोष पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याच्या वेळेचा; ग्राफिक्स उतरवून उपयोग नाही. सर्व्हर फ्रँकफर्टला असेल तर तो इंदूरहून सहा हजार किलोमीटरांहून लांब. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६० मिलिसेकंद लागतातच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. गेममध्ये आशियातला सर्व्हर असेल तर तो निवडा आणि वायफायऐवजी लॅनची तार लावा.

गिल्डप्रमुखांनी टाळायच्या गोष्टी

गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा कायमचा गट. त्यातला ‘माइक नाही तर रेड नाही’ हा नियम कर्णबधिर खेळाडूला दारातच अडवतो. महत्त्वाच्या सूचना आधीच लिहून ठेवा आणि लढाईत दोन-तीन ठरलेले शब्द चॅटमध्ये टाका. अमेरिकेत २०१० च्या एका कायद्यानुसार गेममधल्या संवादाच्या सोयी सुगम्य कराव्या लागतात. गेमसाठीची त्यातली सूट २०१८ अखेर संपली, आणि चॅट वाचून दाखवण्याची सोय आता बऱ्याच गेममध्ये दिसते त्यामागे तेही कारण आहे. पण आपण मराठी रोमन लिपीत टाइप करतो आणि तो इंग्रजी आवाज त्याची अशी काही भजी तळतो की ऐकणाऱ्याने डोक्याला हात लावावा. गटात कुणी ऐकून खेळत असेल तर सूचना छोट्या आणि इंग्रजी ठेवा: ‘लेफ्ट’, ‘स्टॅक’, ‘रन’. आणि कुणाकडे कारण मागू नका. ‘मला हे दिसत नाही’ एवढं पुरेसं आहे.

अ‍ॅडऑनवरही, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोड-प्रोग्रामवरही, सगळा भार टाकू नका. अपडेट आला की ते मोडतात, आणि २०२५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने लढाईत मदत करणाऱ्या अ‍ॅडऑनवर मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. ज्यांचा खेळ त्यांच्यावरच उभा होता त्यांची काळजी रास्त आहे. ही सोय मुळात गेमनेच द्यायची होती, खेळाडूंनी फुकट बनवून नव्हे.

तक्रार मोघम लिहिणं

‘रंग नीट करा’ अशी तक्रार कुणी वाचत नाही. कोणता बॉस, कोणता टप्पा, कोणती सेटिंग चालू होती, काय दिसलं नाही आणि काय हवं, हे पाच ओळींत लिहा. स्क्रीनशॉट जोडताना ध्यानात ठेवा की विंडोजचा कलर फिल्टर त्यात उतरत नाही, समोरच्याला मूळचेच रंग दिसतात. तो फिल्टर लावून खेळत असाल तर पडद्याचा फोटो मोबाइलने काढा आणि कोणता फिल्टर आहे ते खाली लिहा.