थीम पार्कची तिकिटं काढताय? आधी मोजपट्टी काढा, आणि या चुका टाळा

युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये इजिप्तच्या भागात ममीची राइड आहे. सगळी अंधारातली. तिच्या तोंडाशी उंची मोजायचा खांब आहे आणि त्यावर खूण आहे १२२ सेंटिमीटरची. आमची लेक त्या खुणेखाली तीनदा उभी राहिली. पाठ ताठ, मान ताणलेली, टाचा हळूच उचललेल्या. तिथल्या मुलीने हसत तिच्या टाचा खाली टेकवायला लावल्या, डोक्यावर हात आडवा धरला, तर हात आणि खूण यांच्यात बोटभर फट राहिली. लेक काही बोलली नाही. फक्त माझा हात घट्ट धरला.

त्या वेळी माझ्या पर्समध्ये राइडची रांग वाचवणारे पाच एक्स्प्रेस पास होते. आम्हा दोघांचे, तिचा आणि सासू-सासऱ्यांचे. दिवसभरात सासूबाई मोजून दोन राइडमध्ये बसल्या. सासऱ्यांना मानेचा त्रास, म्हणून त्यांनी एकच केली. लेकीला ज्या राइडसाठी यायचं होतं त्यांतल्या दोन तिला उंचीमुळे मिळाल्या नाहीत. तिकिटं कुठे स्वस्त आहेत हे मी पंधरा दिवस शोधत होते, पण लेकीची उंची मोजायला लागणारी दोन मिनिटं मात्र काढली नव्हती.

त्यानंतर बहिणीच्या हाँगकाँगच्या आणि भावाच्या ऑरलँडोच्या सहलीची तिकिटं आम्ही मिळून काढली. तेव्हा लक्षात आलं की बहुतेक घरांत सुरुवातच उलटी होते. पार्क कोणतं, ऑफर काय, किती दिवसांचा पास परवडतो, हे सगळं आधी ठरतं, आणि घरातली माणसं त्यात नंतर बसवली जातात.

उंची, वय आणि गुडघे

वय आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटाचे पैसे वयावर ठरतात, राइडमध्ये बसता येणार की नाही हे उंचीवर. सिंगापूरला ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला १०२ सेंटिमीटर पुरतात, ममीला १२२ लागतात आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या रोलरकोस्टरला १२५. म्हणजे सहा-सात वर्षांची बरीचशी मुलं नेमकी सीमेवर असतात. घरी मोजताना बूट काढून, भिंतीला टेकवून मोजा आणि आलेल्या आकड्यावरच भिस्त ठेवा. ‘जाईपर्यंत वाढेल’ हा हिशेब करू नका. शाळेच्या कार्डावर सहा महिन्यांपूर्वी लिहिलेला आकडाही धरू नका. मग पार्कच्या अधिकृत साइटवरची राइडची यादी समोर घ्या आणि प्रत्येक राइडपुढे घरातल्यांची नावं लिहा: कोण बसणार, कोण नाही. आमच्याकडे आता हे वहीच्या एका पानावर होतं. त्या पानावर सासऱ्यांच्या नावापुढे तीनच राइड आल्या, तर त्यांना एक्स्प्रेस घ्यायचा की नाही यावर वाद घालावा लागत नाही.

वयाचा नियम प्रत्येक देशात वेगळा आहे आणि इथे चांगलीच गफलत होते. मुलांचं तिकीट सिंगापूरच्या युनिव्हर्सलला ४ ते १२ वर्षांना लागतं, टोकियो डिस्नेला ४ ते ११, हाँगकाँग डिस्नेलँडला ३ ते ११ आणि फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डिस्नेला फक्त ३ ते ९. त्यामुळे दहा वर्षांचा मुलगा सिंगापुरात ‘लहान’ असतो आणि ऑरलँडोत त्याला मोठ्यांचं तिकीट पडतं. तीन वर्षांच्या मुलीला टोकियोत काही पडत नाही, हाँगकाँगला पडतं. धरलं जातं ते पार्कमध्ये जाण्याच्या दिवशीचं वय, बुकिंगच्या दिवशीचं नाही. मुलाचा वाढदिवस सहलीच्या आसपास असेल तर तारीख दोन दिवस पुढेमागे करून पाहा. वय लपवून तिकीट काढू नका, गेटवर पासपोर्ट मागू शकतात. आणि मुलांसमोर खोटं सांगावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही.

ज्येष्ठांसाठीही विचारून घ्या. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये ६० वर्षांवरच्यांचं तिकीट वेगळं आणि बरंच स्वस्त असतं. फ्लोरिडातल्या डिस्नेत अशी सवलत नाही.

एक्स्प्रेस पास म्हणजे प्रवेश नव्हे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. बुकिंग ॲपवर ‘युनिव्हर्सल एक्स्प्रेस’ असं लिहिलेलं दिसतं, किंमत भरभक्कम असते, त्यामुळे यात सगळं आलं असं वाटतं. तसं नसतं. एक्स्प्रेस हा फक्त रांग वाचवण्याचा पास आहे, आत जाण्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सिंगापूरच्या गेटवर एका गुजराती कुटुंबाला मी हेच समजावून सांगत होते. सहा जण, हातात सहा एक्स्प्रेस आणि प्रवेशाचं तिकीट एकही नाही. त्यांना ते तिथेच उभं राहून, त्या दिवसाच्या भावाने काढावं लागलं.

एक्स्प्रेसमध्येही प्रकार आहेत. साध्या पासावर प्रत्येक राइड एकदाच करता येते, अनलिमिटेडवर कितीही वेळा. काही राइड दोन्हींत नसतात. गर्दीच्या दिवशी या पासाची किंमत प्रवेशाच्या तिकिटाच्या घरात जाते. पाच जणांचं घर असेल तर ती रक्कम छोटी नाही.

मग घ्यावा का? शाळा चालू असलेल्या आठवड्यातला मधला वार असेल आणि तुम्ही दहाच्या ठोक्याला गेटवर असाल, तर बहुतेक घरांना गरज नाही. हॉटेलचा नाश्ता आरामात उरकून साडेअकराला पोचणार असाल तर मात्र रांगा लागणारच. लक्षात ठेवा, सिंगापूरचं पार्क बऱ्याच दिवशी संध्याकाळी सहा-सातलाच बंद होतं. नाश्ता लवकर करणं हा एक्स्प्रेसपेक्षा स्वस्त उपाय आहे.

आणखी एक सोय आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. लहान मूल उंचीमुळे बसू शकत नसेल तर एक पालक राइड करून येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात. याला कुठे चाइल्ड स्वॅप म्हणतात, कुठे रायडर स्विच. डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या ऑरलँडोतल्या पार्कमध्ये ही सोय फुकट आहे. इतर ठिकाणी राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारा. आईबाप दोघांना पास घेण्याआधी एवढं विचारलं तरी पुष्कळ पैसे वाचतात. काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. मुलं मोठी असतील आणि शेजारी-शेजारी बसायचा हट्ट नसेल तर तीही भराभर सरकते.

ऑरलँडो: एका नावाखाली अनेक पार्क

अमेरिकेत राहणारी आपली मुलं डिसेंबरात आई-बाबांना पुण्या-मुंबईहून बोलावतात आणि ऑरलँडोला नेतात. तिथला ‘डिस्ने’ म्हणजे चार स्वतंत्र पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. ती एकमेकांपासून लांब आहेत, मधे बहुतेक वेळा बस किंवा गाडी लागते. साध्या तिकिटावर एका दिवशी एकच पार्क होतं. दिवसात दोन करायची असतील तर हॉपर नावाचं तिकीट घ्यावं लागतं. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन एका दिवसात दोन पार्क करणं मला स्वतःला योग्य वाटत नाही. त्या पैशात एक दिवस वाढवावा आणि दुपारी त्यांना खोलीवर झोपू द्यावं.

युनिव्हर्सलचा प्रकार मात्र उलटा आहे. हॅरी पॉटरचे भाग वेगवेगळ्या पार्कमध्ये आहेत आणि हॉगवर्ट्स एक्स्प्रेस ही आगगाडी त्यांतल्या दोन जुन्या पार्कच्या मधे धावते. एका पार्कच्या तिकिटावर गाडीत बसताच येत नाही. भाची चार वर्षं त्या गाडीचं स्वप्न बघत होती म्हणून आम्ही दोन्ही पार्कचं तिकीट काढलं, आणि ते पैसे सार्थकी लागले. मे २०२५ मध्ये सुरू झालेलं एपिक युनिव्हर्स हे याच कंपनीचं आणखी एक पार्क. ‘युनिव्हर्सलचं तिकीट’ एवढंच वाचून पैसे भरू नका, त्यात कोणती पार्क आहेत ते नावानिशी तपासा.

युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत (पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक) उतरलात तर खोलीतल्या प्रत्येकाला दोन जुन्या पार्कमध्ये अनलिमिटेड एक्स्प्रेस मिळतो, आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशीही. चार-पाच जणांचे पास सुटे घेण्यापेक्षा एका रात्रीची खोली कधी कधी स्वस्त पडते. एकदा बेरीज मांडून बघाच.

नोव्हेंबर-डिसेंबरात मॅजिक किंगडमला जाणार असाल तर नाताळच्या पार्टीच्या तारखा आधी पाहा. त्या संध्याकाळी वेगळं तिकीट असतं आणि साध्या तिकिटावर आलेल्यांना सहाला बाहेर पडावं लागतं. रात्रीची आतषबाजी बघायला आई-बाबांना आणलं आणि सहालाच परत फिरावं लागलं, तर फार वाईट वाटतं. सिंगापूरला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही रात्री हॅलोविनचा कार्यक्रम असतो. त्याचंही तिकीट वेगळं, आणि तो लहान मुलांसाठी नाही.

तारीख

आपल्या शाळांना सुट्टी कधी ते सगळे बघतात. तिथल्या शाळांना कधी आहे ते कुणी बघत नाही. सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी मेअखेरीस सुरू होऊन जूनभर असते, म्हणून आपल्याला मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणं बरं पडतं. टोकियोला याच्या नेमकं उलट: एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा जपानचा गोल्डन वीक. हाँगकाँगला १ मे आणि १ ऑक्टोबरच्या आसपास चीनमधून लोंढे येतात. बऱ्याच पार्कची किंमत आता तारखेनुसार बदलते, त्यामुळे कॅलेंडरवर स्वस्त दिसणारा दिवस हाच बहुधा कमी गर्दीचाही असतो.

क्रम असा ठेवा: आधी व्हिसा आणि विमान, मग पार्क. बहुतेक तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, फार तर फरक भरून तारीख बदलून मिळते. टोकियो डिस्नेची तिकिटं साधारण दोन महिने आधी खुली होतात, तेव्हा तिथे व्हिसाचं काम लवकर हाती घ्या. सिंगापूरहून एक दिवस लेगोलँडला जायचं असेल तर ते मलेशियात, जोहोर राज्यात आहे हे विसरू नका. सीमा ओलांडावी लागते, आणि परत येताना सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो.

पैसे कुठे भरायचे

सर्चमध्ये सगळ्यात वर दिसते ती बऱ्याचदा जाहिरात असते. पार्कची स्वतःची साइट उघडून मूळ किंमत लिहून ठेवा आणि मग सवलत देणाऱ्याकडे जा. फरक थोडा असेल तर अधिकृत साइटच बरी, कारण तारीख बदलायची वेळ आली की मधला विक्रेता आणि पार्क एकमेकांकडे बोट दाखवतात. आम्हाला एका विक्रेत्याकडून तिकिटाऐवजी व्हाउचर आलं होतं. ते बदलून घ्यायचा काउंटर गेटपासून लांब होता आणि सकाळचा पाऊण तास तिथल्या रांगेतच गेला. ‘थेट गेटवर स्कॅन होतं का?’ हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा.

ऑरलँडो आणि शेजारच्या किसिमीच्या रस्त्यांवर अर्धवट वापरलेले पास स्वस्तात विकणारे भेटतात. घेऊ नका. डिस्नेचं तिकीट एकाच्या नावाचं असतं, गेटवर बोटाचा ठसा घेतात, दुसऱ्याला ते चालत नाही. फारच स्वस्त तिकिटांच्या बदल्यात टाइमशेअरच्या (सुट्टीचं घर अनेकांत वाटून विकायची योजना) सादरीकरणाला बसायला लावतात, त्यात सुट्टीची अर्धी सकाळ जाते.

कार्डाचंही बघा. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. परकीय चलनाच्या व्यवहारावर बऱ्याच बँका २ ते ३.५ टक्के लावतात, वर त्या रकमेवर जीएसटी. आणि ‘रुपयांत भरायचे का?’ असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा. तिथल्या चलनातच भरा, रुपयांचा तो दर महाग असतो.

चूक झालीच असेल तर

मुलाचं वय चुकलं असेल, मोठ्याऐवजी लहानाचं तिकीट निघालं असेल, तर गेटवरच्या माणसाशी हुज्जत न घालता गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर जा. फरक भरून बहुतेक वेळा काम होतं. तारीख चुकली असेल तर तो दिवस उजाडायच्या आत संपर्क करा, नंतर हातात काही राहत नाही. क्यूआर उघडला नाही तर? प्रत्येकाच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट दोन फोनमध्ये आधीच ठेवा. एकाच फोनवर पाच तिकिटं आणि बॅटरी संपलेली, ही वेळ आमच्यावर आली होती.

एखादी मोठी राइड दुरुस्तीसाठी बंद असते. ते वेळापत्रक साइटवर आधी येतं, बुकिंगआधी बघा. सिंगापूरला दुपारी गडगडाट झाला की उघड्यावरच्या राइड थांबतात आणि त्यासाठी पैसे परत मिळत नाहीत. म्हणून बाहेरच्या राइड सकाळी, छपराखालच्या दुपारी.

आणि मूल खांबापाशी कमी पडलंच, तर तिथे थांबून रडारड वाढवू नका. त्या दिवशी सासूबाईंनी लेकीला उचललं आणि सरळ वॉटरवर्ल्डच्या शोला नेलं. तिथे उंची मोजत नाहीत आणि एक्स्प्रेसवाचूनही जागा मिळते. पुढच्या रांगांवर पाणी मारतात, म्हणून आजी-नात दोघी ओल्याचिंब होऊन आल्या. पुढे बसायचं असेल तर एक जोडी कोरडे कपडे बॅगेत ठेवा, आजीसाठीसुद्धा.